माय, घर अजून झाडलं नाही

माय, तुला उचलून नेलं आणि मी मागे वळून पाहते तर शेजारच्या काकूंनी घर झाडायला घेतलं होतं. रीतच आहे ती. मयत दाराबाहेर पडलं की घर झाडायचं, धुवायचं, निजवलं होतं त्या जागी पिठावर दिवा ठेवायचा. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी धावत गेले आणि काकूंच्या हातातला झाडू हिसकावून घेतला. "थांबा! आजून फाटावर बी पोचनी नही ती!" असं मी ओरडले म्हणे. वहिनीने मला धरून आत नेलं, आणि काकूंनी दुसरा झाडू आणला.

तेव्हापासून मला भीती वाटतेय. लाज सोडून सांगते, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. घरातली भित्री तू होतीस. मी तुला हसणारी, विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना वाट देणारी तुझी धीट लेक. आता कळतंय की सगळ्यांच्या वाट्याची भीती तू एकटी भीत होतीस, म्हणून आम्हाला धीट राहायला जमलं. तू गेलीस आणि ती सगळी माझ्या अंगावर आली. त्यात परवा मला पुन्हा माईकवर बसायचं आहे. मला शिकवणारे सर शेजारी असतील. परवाही माझा आवाज फुटला नाही, तर माईक कायमचा सुटेल. तो का फुटत नाही, ते तुलाच सांगायचं आहे.

तुझे कायदे दोन. घरातली दोन माणसं एका गाडीत बसवायची नाहीत, आणि गावाला गेलेला माणूस पोचल्याचं कळल्याशिवाय घर झाडायचं नाही. बाकीच्या बायका घटकाभर थांबतात. तुला पक्का निरोप लागायचा. दादाच्या लग्नात तू नवरदेवाला एका गाडीत आणि आबांना दुसऱ्या गाडीत बसवलंस. शिवाय पहिली गाडी वळणाआड जाईपर्यंत दुसरीला हलू दिलं नाहीस. वाजंत्री वाजवून वाजवून थकले. आबा वैतागले, "आपला घरमा कोन मंत्री शे व, दोन गाड्या लागतस?" तू ऐकून घेतलंस आणि गाडीच्या पुढ्यातून हलली मात्र नाहीस.

यामागचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. तुझे दोघे भाऊ, माझे मामा, कापडाचे गठ्ठे घेऊन मोलगीच्या बाजाराला जायचे. एका बाजाराला दोघं एकाच जीपमध्ये बसले आणि घाटात जीप खाली गेली. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. तू त्या फोटोला हार घालायचीस, पण त्यांच्याबद्दल कधी बोलायची नाहीस.

मी नोकरीला लागले तेव्हा मी तिथे नेमकं काय करते हे तुला समजेना. आपण ओट्यावर शेंगा सोलत होतो, समोरून उसाचा भरलेला ट्रक सुसाट गेला. मागून सायकलवाला येत होता, त्याचा झोक गेला, डोक्यावरचा रुमाल उडाला, आणि रस्त्यावरचं पाचट कितीतरी वेळ गरगरत राहिलं. मी म्हटलं, हे बघ, हेच माझं काम. मोठं विमान उडालं की त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात. लगेच मागून लहान विमान सोडलं तर ते त्यात सापडतं, कलंडू शकतं. म्हणून मी लहान्याला रनवेच्या तोंडाशी थांबवते, घड्याळ बघते, दोन मिनिटं होऊ देते आणि मग सोडते.

तू शेंगा सोलायची थांबलीस. "म्हंजे मोठा गया, तरी त्यानं काही मांगे ऱ्हास."

"हो."

"आनि ते तुले दखास का?"

"नाही दिसत, माय. हवाच ती."

"मंग गयं ते, हाई तुले कसं समजस?"

मी म्हटलं, समजत नाही, घड्याळावर विश्वास ठेवायचा. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी काहीतरी भलतंच बोलून गेले. "दोन मिन्टमा ते चहा बी उकयत नही," असं म्हणून तू उठलीस आणि आत गेलीस.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. तुझं म्हणणं दोन मिनिटं फार थोडी. मी सांगायचे की अगं, शिकल्या-सवरलेल्या लोकांनी तपासून ठरवलंय ते, आणि मागे रांग लागते, उगाच जास्त थांबवलं तर तिथे दुसराच गोंधळ होतो. तू म्हणायचीस, लागू दे रांग, कोणाचं लग्न अडलंय. मग हळूच, "तुन्हं ते अडेल शे, त्यानं देख." माझ्या लग्नावर गाडी आणल्याशिवाय तुझं कुठलंच भांडण संपत नसे. ते झालं की "कागदनी नोकरी मांगी ले ना बेटा," हे ठरलेलं. टेबलावर बसायचं, सही करायची, कोणाचा जीव हातात नको.

आणि माय, तू काय केलंस? तुझा तो कायदा माझ्या विमानांना लावलास! माझी ड्युटी असली की तू घर झाडेनास. पोरीने माणसं वाटेला लावलीयत, ती वाटेत आहेत, मग झाडू कसा हातात घ्यायचा? सकाळची ड्युटी असली की दुपारपर्यंत घर तसंच. दारात कडब्याची कुट्टी, ओट्यावर केळीची वाळकी पानं, आणि तू खुशाल त्यातून वावरायचीस. वहिनी मला फोनवर म्हणायची, "ताई, तुमना विमानंसना पायी मन्हं घर उकिरडा व्हई गयं." मी हसायचे. तिला खरंच राग यायचा, हे मला आता इथे घरी राहिल्यावर कळलं.

ड्युटीवर फोन जवळ ठेवता येत नाही, तो लॉकरमध्ये. सुटले की पहिला फोन तुला. जेवण, तब्येत, पाऊसपाणी सगळं नंतर.

"गयात का समदा?"

"गयात."

"मंग झाडू?"

"झाड आते."

एवढं झालं की मगच तुझा आवाज नेहमीसारखा व्हायचा. मी चिडवायचे, "माय, मी सुटले तरी दुसरी विमानं उडतातच की गं." तू म्हणायचीस, "त्यास्नी माय देखी लेई त्यास्ले."

त्या दिवशीही मी तसाच फोन लावला. फोनवर दादाचे कितीतरी मिस्ड कॉल होते, पण ते बघायच्या आधीच बोट तुझ्या नंबरवर गेलं होतं. फोन उचलला गेला. पलीकडे कोणी बोलेना. मला वाटलं तू रुसलीस, कारण सकाळी तू पुन्हा कागदाच्या नोकरीचं काढलं होतंस आणि मी "नंतर बोलू" म्हणून विषय तोडला होता. म्हणून मी आपणहून लाडात म्हटलं, "गयात समदा. झाड आते."

मग दादाचा आवाज आला. "बेबी, माय गई."

चुलीपुढून उठलीस, दाराला धरून खाली बसलीस, आणि तेवढंच. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. झाडू दारामागे होता. घर झाडलेलं नव्हतं, कारण मी ड्युटीवर होते.

आता तूच सांग, मी घाबरू नको तर काय करू? तू नुकती वाटेला लागलेली होतीस आणि मी म्हटलं, झाड. त्या शब्दाचा अर्थ मला दुसऱ्या कोणी नाही, तू शिकवला होतास.

दिवस घातले, गंधमुक्ती झाली आणि मी ड्युटीवर गेले. सगळ्यांना वाटलं कामात जीव रमेल. स्वच्छ सकाळ होती, रनवे शेवटपर्यंत दिसत होता. एक मोठं विमान उडालं. मागे लहान विमान तोंडाशी येऊन उभं राहिलं. त्याला मी थांब म्हटलं, ते सहज जमलं. दोन मिनिटं झाली. मी माईकचं बटण दाबलं आणि तोंडातून शब्द येईना. घड्याळ सांगत होतं हवा मोकळी आहे. पण मला ती हवा दिसत होती, माय, पाचटासारखी गरगरताना. पायलटने कळवलं, आम्ही तयार आहोत. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काही नाही. मागे दुसरं येऊन उभं राहिलं, मग तिसरं. तिकडे उतरणारी विमानं जवळ येत होती. आमचे सर, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, माईक घेतला आणि शांतपणे त्या विमानाला जायला सांगितलं. मला म्हणाले, "ऊठ, पाणी पी."

काही वाईट घडलं नाही. पण थांबवून ठेवणं म्हणजे काही सांभाळणं नव्हे. सगळ्यांना अडवून धरलं तर गाठ भलतीकडेच बसते. बाहेर सरांनी मला समजावलं. टेबलावरची जागा रिकामी आहे, त्यात काही कमीपणा नाही. तरी एकदा माझ्या शेजारी बसून बघ, नाही जमलं तर मग ठरवू. तोवर घरी जा.

म्हणजे तुझ्या मनासारखं व्हायची वेळ आली. कागदाची नोकरी स्वतःहून दारात आली. मी हो म्हणणार होते. आज सकाळपर्यंत म्हणणारच होते.

इथे ब्राह्मणपुरीत येऊन मी काय करते, ऐक. दादा त्याच्या बियाणांच्या दुकानासाठी मोलगीला गेला की ओट्यावर उभी राहते. आबांना शेतातून यायला उशीर झाला की फाट्यापर्यंत जाऊन बघते. वहिनीला झाडू हातात घेऊ देत नाही. काल ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "एक सासू गई ते दुसरी उनी." म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. मग आम्ही दोघी रडलो.

आज सकाळी मावशी दुखवट्याला दारवर आली. ती आजारी होती, म्हणून बाकीच्यांसारखी तेव्हा भेटायला येऊ शकली नव्हती. ओट्यावर बसून तिने तुझ्या नावाने हंबरडा फोडला, मग पाणी प्यायली, मग इकडच्या तिकडच्या गोष्टी निघाल्या. तेवढ्यात दादा मोटारसायकल काढून निघाला, वहिनीने सवयीने झाडू उचलला आणि मी तो तिच्या हातातून काढून घेतला. मावशी बघत राहिली.

"अशीच व्हती ती बी," ती म्हणाली. "भाऊ गयात, तवपाईन."

मी म्हटलं, माहीत आहे.

"तुले काय माहीत शे? त्या रोज अंगन तिनीच झाडेल व्हतं. जीप गल्लीनी बाहेर बी निंघेल नव्हती. आमनी माय तिले बोलनी, थांब व जराशी, पन तिले शाळामा जानं व्हतं. झाडी टाकं तिनी. मंग सांजले निरोप उना." मावशीने पदराने डोळे पुसले. "कोनले बोलनी नही ती. मले एकदाव सांगं, रडी रडीसन."

माय, तू हे आम्हाला का नाही सांगितलंस? मी तुला एवढं हसले. आबा हसले, दादा हसला. तू इतकी वर्षं ते मनात घेऊन दारात उभी राहिलीस, आणि आम्हाला वाटायचं, तुला आपली खोडच आहे.

तर तुला आता सांगते, नीट ऐक. त्या जीपचे ब्रेक गेले होते. माणसं टपापर्यंत भरली होती. तू शाळेत जायची घाई असलेली पोर होतीस आणि तू अंगण झाडलंस. तुझ्या झाडूने मामा गेले नाहीत. कोणी हे तुला वेळेवर सांगितलं असतं, तर कदाचित तू एवढी भ्यायली नसतीस. हे तुला सांगायला मला लगेच शब्द सापडले. स्वतःला सांगायला मात्र अजून सापडत नाहीत.

दुपारभर मी तोच विचार करतेय. एक गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. ज्या घाटाने तुझे दोन भाऊ नेले, त्याच घाटाने जायची दादावर पहिल्यांदा वेळ आली तेव्हा तू त्याला जाऊ नको म्हणाली नाहीस. तुझा चेहरा पांढरा पडला होता, तो मला अजून आठवतो. पण तू एवढंच म्हणालीस, "पह्यली जीप जाऊ दे, दुसरीमा बठ." आणि मग, "हां. येजो आते." निघणाऱ्याला तू 'जा' कधी म्हणायची नाहीस, 'येजो' म्हणायचीस. मी नोकरीला निघाले तेव्हाही तेच. थांब जराशी. येजो आते. रोज सकाळी फोनवर कागदाच्या नोकरीवरून कितीही वाजलं, तरी शेवटी "येजो" म्हटल्याशिवाय तू फोन ठेवला नाहीस. ज्या सकाळी मी "नंतर बोलू" म्हटलं, तेव्हाही म्हणाली होतीस. तुझी भीती एक दिवससुद्धा गेली नाही, आणि एक दिवससुद्धा तू कोणाला घरात डांबून ठेवलं नाहीस.

इतकं ओट्यावर बसून लिहिलं होतं. पुढचं आता शहरात लिहितेय.

निघायच्या सकाळी मी पिशवी घेऊन बाहेर आले. आबा ओट्यावर बसले होते. वहिनी दारात झाडू घेऊन उभी, मी निघायची वाट बघत. आबांनी हात पुढे करून तिच्याकडून झाडू मागून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर आडवा ठेवला.

"आबा, तुम्ही बी?" वहिनी म्हणाली.

त्यांनी झाडू तसाच धरून ठेवला. मी पाया पडले आणि उभी राहिले. मला पाऊल उचलेना. शेवटचा शब्द म्हणणारी तू नव्हतीस. समोरून उसाचा ट्रक गेला, धूळ उडाली. आबा धुळीकडे बघत बसले. ती खाली बसली, रस्ता पुन्हा दिसायला लागला, तेव्हा घसा खाकरून म्हणाले, "येजो आते."

तुझ्या नवऱ्याने आयुष्यभर तुझी टिंगल केली, माय. पण सगळं नीट बघून ठेवलं होतं त्यांनी.

सर शेजारी बसले. मी माईकवर. मोठं विमान उडालं, मागे लहान येऊन उभं राहिलं. मी त्याला थांबवलं. भीती गेली नव्हती, खोटं कशाला सांगू? मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं झाली. सरांचा हात त्यांच्या मांडीवर होता, तो हलला नाही. मी बटण दाबलं, आवाज चिरका निघाला, पण निघाला. लहान विमान पळत गेलं, उचललं, पंख सरळ ठेवून वर चढलं आणि उन्हात दिसेनासं झालं. मी पुढच्याला बोलावलं. थोड्या वेळाने सरांनी स्वतःसाठी चहा मागवला. तो येईपर्यंत मी आणखी विमानं सोडली होती.

सुटल्यावर लॉकर उघडला आणि तुझाच नंबर लावला. तो फोन आता आबांकडे असतो. उचलला गेला आणि पलीकडे कोणी बोलेना. त्या दिवसासारखंच. मी लॉकरचं दार धरलं.

मग आबांनी विचारलं, "गयात का समदा?"

"गयात."

"मंग?"

मला तो शब्द म्हणवेना. आबा थांबले. त्यांनी घाई केली नाही, मला पुन्हा विचारलं नाही.

"झाडा आते, आबा," मी म्हटलं.

त्यांनी फोन बंद न करताच कुठेतरी ठेवला. मग जमिनीवर झाडूचा आवाज आला. जन्मात कधी झाडू न धरलेला माणूस, जोरजोरात झाडत होता. मागून वहिनी सांगत होती, "आबा, तो कोपरा ऱ्हाई गया." मी फोन कानाला लावून उभी राहिले, सगळं घर झाडून होईपर्यंत.